शंभर मिलिमीटर म्हणजे किती पाणी?

नागपुरात पावसाळ्यात एक वाद ठरल्या वेळी सुरू होतो आणि ठरल्या जागी विझतो. हवामान खात्याने ऑरेंज अलर्ट दिला, कलेक्टर ऑफिसने शाळांना सुट्टी दिली आणि दिवसभर लख्ख ऊन पडलं, की ‘यांना काही कळत नाही’ म्हणणारे पुढे सरसावतात. पुढे कधीतरी यलो अलर्टच्या दिवशी घरात गुडघाभर पाणी शिरतं, तेव्हा तेच लोक ‘आधी सांगितलं का नाही’ असं विचारतात. समोरून प्रशासनाचं उत्तर तयार असतं: पाऊसच अभूतपूर्व होता. मधे एक तिसरा गट उभा असतो. त्याच्या मते इशारेबिशारे सगळं थोतांड, आधी नाल्यांवरची बांधकामं पाडा. चार दिवस असं चालतं, मग पोळा येतो, गणपती येतात आणि वाद पुढच्या वर्षावर जातो.

हे तिन्ही गट एक गोष्ट न बोलता धरून चालतात: पूर म्हणजे जास्त पाऊस. किती पडला हे कळलं की पूर का आला ते कळलं, आणि किती पडणार हे कळलं की पूर येणार का तेही कळलं. मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. इशारा पावसाच्या चोवीस तासांच्या बेरजेवर न बांधता तीन प्रश्नांवर बांधायला हवा. पाऊस किती तासांत पडतोय? तो कोणत्या ओढ्याच्या पाणलोटात पडतोय? आणि तिथली जमीन आधीच किती भिजलेली आहे? यातला तिसरा प्रश्न आपल्या सार्वजनिक चर्चेत जवळजवळ कुणीच विचारत नाही, म्हणून हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला आणि त्यातला बहुतेक मध्यरात्रीनंतरच्या दोन तासांत कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्र सोडून रस्त्यावर आली. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट, थेट शहराच्या मधोमध बर्डीवरच्या मोरभवनच्या बसस्थानकापर्यंत पाणीच पाणी. लष्कराला बोलवावं लागलं. किमान चार जणांचा जीव गेला, सुमारे दहा हजार घरांचं नुकसान झाल्याचं सरकारनेच सांगितलं. आता या रात्रीला हवामान खात्याच्या पट्टीवर ठेवून बघा. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे ‘भारी’ पाऊस. त्यापुढे २०४.४ पर्यंत ‘अति भारी’, आणि त्याहून वर ‘अत्यंत भारी’. म्हणजे शहराला गुडघ्यावर आणणारा तो पाऊस पट्टीच्या तीन पायऱ्यांपैकी सगळ्यात खालच्या पायरीच्या आसपासचा. विदर्भात असा पाऊस दरवर्षी कुठे ना कुठे होतो आणि पेपरात आतल्या पानावर चार ओळींत संपतो. मग त्या रात्री काय वेगळं होतं?

पहिलं उत्तर वेळेचं, ते सोपं आहे. दिवसभर रिमझिम पडलेले शंभर आणि दोन-तीन तासांत ओतलेले शंभर यांत काय फरक, हे छत्री वापरणाऱ्या कुणालाही समजतं. दुसरं उत्तर जमिनीचं, आणि ते समजायला शेतकऱ्याकडे जावं लागतं.

विदर्भाची काळी माती ही विचित्र चीज आहे. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जावा. पहिला पाऊस या भेगा अक्षरशः पिऊन टाकतात. पण या मातीतली चिकणमाती पाण्याने फुगते, भेगा मिटतात, आणि एकदा ती पुरती भिजली की तिच्यावर पडलेलं पाणी आत जायला जागाच शोधत राहतं. जूनमध्ये जी जमीन स्पंज असते ती ऑगस्टच्या झडीनंतर जवळजवळ ताटासारखी होते. आमच्या शेतकऱ्याजवळ यासाठी नेमके शब्द आहेत: ओल किती खोल गेली, वाफसा आला का, रान चिबडलं का. ‘वाफसा’ या एका शब्दात मातीतलं पाणी आणि हवा यांचा जो हिशेब मावतो, तो रंगीत अलर्टच्या चारही रंगांत मावत नाही. कृषी विभागही दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. का? कारण तेवढा पाऊस जमिनीच्या पोटात जातो, तेव्हा कुठे बियाण्याला पुरेशी ओल मिळते. जूनमधले जे शंभर मिलिमीटर आपण पेरणीसाठी मोजतो तेच सप्टेंबरमध्ये वस्ती बुडवू शकतात, ही गोष्ट एकाच सरकारच्या दोन खात्यांना वेगवेगळी माहीत आहे. दोन्ही एकत्र कुणी मांडत नाही.

हे आकड्यांत बघता येतं. अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याने १९५० च्या दशकात बसवलेलं कर्व्ह नंबरचं सूत्र, म्हणजे पडलेल्या पावसातलं किती पाणी वाहून जाईल ते एका आकड्यावरून काढायची रीत, आपल्याकडे सिव्हिल आणि कृषी अभियांत्रिकीच्या मुलांना आजही शिकवतात. त्यात आधीच्या पाच दिवसांच्या पावसावरून जमीन कोरडी, मध्यम की ओली ते ठरतं. पिकाच्या हंगामात पाच दिवसांत ३६ मिलिमीटरहून कमी पाऊस झाला असेल तर कोरडी, ५३ हून जास्त झाला असेल तर ओली. काळ्या मातीवरच्या विरळ वस्तीसाठी मध्यम अवस्थेचा हा कर्व्ह नंबर ८५ धरून मी हिशेब केला. कोरड्या जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ३३ मिलिमीटर पाणी वाहून ओढ्याला येतं. तोच पाऊस ओल्या जमिनीवर पडला तर ८०. दहा चौरस किलोमीटरच्या पाणलोटात हा फरक जवळपास पावणेपाच लाख घनमीटरचा होतो. आता त्याहून महत्त्वाचं: ओल्या जमिनीवर फक्त ६० मिलिमीटर पडला तर वाहून येतं ४२. म्हणजे ओल्या जमिनीवरचा साठचा पाऊस कोरड्या जमिनीवरच्या शंभरपेक्षा जास्त पाणी ओढ्यात लोटतो. पट्टीवर मात्र साठ हा ‘मध्यम’ आणि शंभर हा ‘भारी’. सूत्र ढोबळ आहे, पुराचं शिखर ते सांगत नाही, नुसतं एकूण पाणी सांगतं. तरीही इशारा उलटा लागू शकतो हे दाखवायला ते पुरेसं आहे.

इथे एक प्रामाणिक कबुली द्यायला हवी. पाऊस राक्षसी असेल तर जमिनीचा मुद्दा मागे पडतो. त्याच सूत्रात ३०० मिलिमीटर घाला: कोरड्या जमिनीवर २००, ओल्यावर २७८. फरक उरतो, पण दोन्हीकडे हाहाकारच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा माती ओली होती की कोरडी हे विचारणं हास्यास्पद ठरलं असतं. जमिनीच्या ओलीने निकाल फिरतो तो साठ ते सव्वाशेच्या पट्ट्यात. आणि नागपूरसारख्या शहराला नेमका हाच पट्टा पुन्हा पुन्हा सतावतो. नऊशे मिलिमीटरची भीती घालून इशारे आखणं म्हणजे वाघासाठी जाळं विणून विंचवाकडे पाठ करून बसणं.

सरकारला मातीची ओल समजत नाही असं कुणी म्हणत असेल तर तेही खरं नाही. दुष्काळाच्या बाबतीत ती चांगलीच समजते. दुष्काळ ठरवायचा म्हणजे पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या तुलनेत रुपयात किती पैसे पीक आलं ते, आणि ५० पैशांच्या खाली गाव गेलं की दुष्काळ, असा आपला जुना शिरस्ता. एकाच शिवेवरच्या दोन गावांत एक ४९ आणि दुसरं ५१ निघालं, की वर्षभर भांडण. २०१६ मध्ये केंद्राने दुष्काळ व्यवस्थापनाची नवी संहिता आणली तेव्हा पावसाच्या तुटीबरोबर पिकांचा उपग्रहीय निर्देशांक आणि मातीतल्या ओलाव्याचे निर्देशांकही त्यात आले. अतिवृष्टीच्या भरपाईत दुसरी गंमत आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला तरच अतिवृष्टी, हा दंडक. आठवडाभर रोज तीस-चाळीसची झड लागून कपाशी पिवळी पडली तरी कागदावर काहीच झालेलं नसे. शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं आरडाओरड केली, तेव्हा २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘सततचा पाऊस’ हीसुद्धा नैसर्गिक आपत्ती मानली. म्हणजे एका दिवसाच्या आकड्याने नुकसान मोजता येत नाही, मागचे दिवस धरावे लागतात, हे सरकारने लेखी मान्य केलंय. पीक गेल्यावर पैसे वाटताना जे तत्त्व चालतं, ते माणूस वाहून जाण्याआधी इशारा देताना का चालू नये?

यावर सगळ्यात दमदार आक्षेप असा: शहरात माती राहिलीच कुठे? सिमेंट रोड, पेव्हर ब्लॉक, अंगणात टाइल्स. नागपुरात तर सिमेंट रस्त्यांची इतकी हौस की काही ठिकाणी रस्ता वर आणि घराचा उंबरठा खाली. सिमेंट बाराही महिने ओल्या मातीसारखंच वागतं, मग ओलावा मोजून काय मिळणार? आक्षेपात तथ्य आहे. बर्डीच्या मधोमध पडलेल्या पावसासाठी मला जमिनीची ओल नकोच, तासाचा पाऊस आणि गटाराची क्षमता पुरे. पण अंबाझरी लेआउटमध्ये शिरलेलं पाणी त्या लेआउटवर पडलेलं नव्हतं. नाग नदीचा उगम पश्चिमेला, वाडीजवळच्या लाव्हा गावाच्या टेकड्यांकडे. त्या बाजूला अजून मोकळी रानं आहेत, पडीत आहे, झुडपी जंगल आहे. तिथली जमीन भिजलेली असते की कोरडी, यावर तलावात किती पाणी किती वेगाने येणार ते ठरतं. शिवाय तलाव स्वतःच एक मोठी मातीच आहे असं समजा. तो चार फूट रिकामा असेल तर लोंढा पोटात घेतो, काठोकाठ असेल तर आला तसा पुढे ढकलतो. एकोणिसाव्या शतकात शहराला पाणी पाजण्यासाठी बांधलेला हा तलाव. तो भरला की आपण आनंदाने सेल्फी काढायला जातो, पण ‘आज तलावात किती जागा उरली आहे’ हा आकडा एखाद्या पावसाच्या इशाऱ्यात मी तरी वाचलेला नाही. पिवळी नदी आणि गोरेवाडा तलावाचंही तेच.

आणखी एक सवय मोडायला हवी: हंगामाच्या सरासरीवर विसंबायची. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. सप्टेंबर उजाडला तेव्हा चर्चा तुटीची होती, आणि ऑक्टोबर सरता सरता राज्यात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीरही झाला. त्या वर्षाचा नुसता गोषवारा वाचला तर नागपूर त्याच वर्षी बुडालं हे कुणाला पटणार नाही. जमिनीला सरासरी माहीत नसते. तिला मागचा आठवडा माहीत असतो.

दुसरा आक्षेप शास्त्राच्या बाजूने येतो, आणि तो करणारे लोक अभ्यासू असतात म्हणून त्याला टाळता येत नाही. ओलावा मोजायचा कसा? त्यासाठी २०१५ मध्ये सोडलेला नासाचा स्मॅप उपग्रह सुमारे ३६ किलोमीटरच्या चौकटीत आणि वरच्या पाचेक सेंटिमीटर मातीतलं बघतो. त्या एका चौकटीत अख्खं नागपूर मावून वर हिंगणा, कामठीही येईल. जमिनीत खुपसायचे सेन्सर महाग, आणि दहा पावलांवर वेगळा आकडा दाखवणारे. हे सगळं खरं. पण त्यातून निघणारा ‘म्हणून सोडून द्या’ हा निष्कर्ष खरा नाही. ओलावा मोजायची गरज नाही, त्याचा हिशेब ठेवला तरी चालतो. जपानने हेच केलं. तिथे जमिनीची कल्पना एकावर एक ठेवलेल्या तीन टाक्यांसारखी करतात. प्रत्येक टाकीला बाजूला आणि तळाला भोकं. वरून पाऊस ओतायचा, काही बाजूने वाहतं, काही खालच्या टाकीत झिरपतं. तिन्ही टाक्यांत मिळून या घडीला किती पाणी आहे, त्यावर दरडींचा इशारा ठरतो. २०१७ पासून तिथे शहरात पाणी साचण्यासाठी आणि लहान नद्यांच्या पुरासाठीही असेच निर्देशांक वापरात आहेत, आणि साचण्याच्या निर्देशांकात फरसबंदी जमीन किती, तेही धरलं जातं. यात जमिनीत काहीही खुपसलेलं नाही, लागतो तो पावसाचा सलग आकडा. आपल्याकडे राज्याच्या महावेध प्रकल्पाची दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळांत उभी आहेत आणि नागपुरात पाऊस दुरून टिपणारं डॉप्लर रडार आहे. कच्चा माल घरात असताना स्वयंपाकघराला कुलूप का?

खरं तर कुलूपही नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये हवामान खात्याने दक्षिण आशियासाठी आकस्मिक पुराची मार्गदर्शन प्रणाली सुरू केली. भारत, नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका या सगळ्यांसाठी. तिचं तत्त्व मला फार देखणं वाटतं. ती आधी उलटा प्रश्न विचारते: या छोट्या पाणलोटाचा ओढा काठोकाठ भरायला, आज जमिनीत आहे तेवढी ओल धरून, पुढच्या एक, तीन किंवा सहा तासांत किती पाऊस पुरेल? जमीन कोरडी असेल तर हा उंबरठा, म्हणजे पुराला पुरणारा पाऊस, वर जातो, भिजलेली असेल तर खाली येतो. मग पडलेला आणि पडू घातलेला पाऊस त्या उंबरठ्याशी ताडून बघतात. हिशेब चार-चार किलोमीटरच्या बारकाईने होतो, धोक्याची सूचना सहा तास आधी आणि जोखमीचा अंदाज चोवीस तास आधी मिळतो. मी इथवर ज्याची वकिली केली ते सगळं यात आहे.

मग अडतं कुठे? ताटात वाढताना. चार किलोमीटरवर शिजवलेलं अन्न पत्रकात जिल्ह्याच्या नावाने येतं: विदर्भातल्या अमुक अमुक जिल्ह्यांत काही पाणलोटांत मध्यम जोखीम, माती पूर्ण भिजलेल्या आणि सखल भागांत पाणी साचू शकतं. सोबत नकाशा असतो, पण मोबाइलवर तो टिकलीएवढा दिसतो. ‘नागपूर जिल्हा’ म्हणजे नरखेडपासून भिवापूरपर्यंत. डागा लेआउटमधल्या माणसाने यातून काय घ्यायचं? २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ पडला तेव्हा कुलाब्याला ७३ पडला होता. ‘मुंबईचा पाऊस’ असा एक आकडा नसतो हे आपण तेव्हा हजारभर जीव देऊन शिकलो, आणि तरीही ‘नागपूर जिल्ह्यात’ म्हणून मोकळे होतो. आपल्याच जिल्ह्यातलं मोवाड आठवा. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुराने ते गाव उद्ध्वस्त केलं, दोनशेच्या वर माणसं गेली. वर्धा उगम पावते ती मुलताईच्या बाजूला, मध्य प्रदेशात. पाण्याला जिल्ह्याची, राज्याची हद्द कळत नाही, तरी इशारा हद्दीतच दिला जातो.

आता लांडगा आला रे आला. उंबरठे खाली आणले की खोटे इशारे वाढतील, लोक ऐकणं सोडतील, हा आक्षेप आरामखुर्चीतून उडवून लावण्यासारखा नाही. खोट्या इशाऱ्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. नाग नदीच्या काठच्या झोपडपट्टीत मध्यरात्री सामान माळ्यावर चढवून, लेकरं उचलून समाजमंदिरात जाऊन बसायचं आणि काहीच झालं नाही म्हणून पहाटे परत यायचं, त्याच सकाळी रोजीवर जायचं, हे दोनदा झालं की तिसऱ्यांदा कुणी उठणार नाही. त्यांना दोष देता येणार नाही. पण खोटे इशारे वाढवतोय कोण? जूनमधल्या भेगाळलेल्या जमिनीवरच्या शंभरला आणि झडीनंतरच्या शंभरला एकच रंग देणारी पट्टी. ओल धरणारा उंबरठा जूनमध्ये तुम्हाला झोपू देईल आणि ऑगस्टमध्ये उठवेल. तरीही चुका होतीलच. किती चुका सोसायच्या हा काही विज्ञानाचा प्रश्न नव्हे. तो ठरवायचा आहे नागरिकांनी आणि त्यांच्या प्रतिनिधींनी, आणि तो महापालिकेच्या सभेत एकदा तरी उघडपणे चर्चेला आलेला मला बघायचाय.

राहिला तिसरा गट, नाले मोकळे करा म्हणणारा. त्याच्याशी माझं भांडण नाही. तलावाच्या सांडव्याच्या तोंडाशी बांधकामं, नदीच्या पात्रात भिंती, पुलांचे ठेंगणे गाळे, हे सगळं दुरुस्त व्हायलाच हवं, आणि त्यातला काही भाग न्यायालयातही गेला. पण ही कामं वर्षांची आहेत. नदीचं पात्र आक्रसलेलं आहे, तोवर तर इशारा जास्तच लागतो, कारण उंबरठा आणखी खाली आलेला असतो. पात्र कोंडलेल्या नदीला पूर यायला कमी पाऊस पुरतो, हे त्याच उलट्या प्रश्नाचं उत्तर आहे.

या शहरात माती समजणाऱ्यांचा दुष्काळ नाही. देशाच्या मातीचे नकाशे करणारी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था अमरावती रोडवर आहे. दक्षिण अंबाझरी मार्गावर व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी शिक्षणाची संस्था आहे, तिथेच उपग्रहांच्या चित्रांवर काम करणारं राज्याचं सुदूर संवेदन केंद्र आहे. सोनेगावला प्रादेशिक हवामान केंद्र. तलावाच्या भिंतीवर उभं राहिलं तर ही सगळी मंडळी काही किलोमीटरच्या परिघात आहेत. त्यांनी मिळून पावसाळ्यात रोज संध्याकाळी सहाला एकच आकडा काढावा: आज रात्री तीन तासांत किती मिलिमीटर पडला तर अंबाझरी सांडेल आणि नाग नदी पात्र सोडेल. समजा जूनच्या मध्याला तो आकडा १२० निघेल, झडीच्या आठवड्यानंतर ५०. तो तलावाच्या पाळीवर, प्रत्येक झोन ऑफिसबाहेर, नदीकाठच्या प्रत्येक वस्तीत फळ्यावर खडूने लिहावा, रंगबिंग काही नको. आणि रात्री दोन वाजता तो ओलांडला गेला तर भोंगा कुणी वाजवायचा, त्या माणसाचं पद आणि फोन नंबर त्याच फळ्यावर खाली लिहावा.